नानाचा भराव आणि गल्लीचं पाणी

नानाच्या प्लॉटवर सोमवारपासून डंपर येतायत. जुनं घर पाडून झालंय, आता नवीन बांधण्याआधी सगळी जागा चार फूट उचलायची असा बेत. विषय कट्ट्यावर येणार हे नक्कीच होतं, फक्त तोंड कोण उघडतो एवढंच बघायचं होतं. उघडलं पक्याने. पक्या वायरमन, आणि नानाच्या मागचंच घर त्याचं.

"नाना, तू चार फूट वर गेलास म्हणजे मी चार फूट खाली गेलो. कळतंय ना?"

"मग तूही उचल की! मी काय तुझ्या घरात माती टाकतोय?"

"माती नाही, पाणी टाकतोयस."

चहा अजून यायचा होता आणि आवाज चढले होते. आमच्या चिपळुणात पावसाळ्याच्या तोंडावर राजकारणावरून भांडणं होत नाहीत, पुरावरून होतात. २२ जुलै २०२१ ला ज्याच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी गेलं, त्याला चार फूट काय, आठ फूट उचलावंसं वाटलं तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. नानाचं फ्रिज माळ्याच्या वाशाला जाऊन अडकलं होतं. पण पक्याचं म्हणणंही खोटं नव्हतं.

मास्तरांनी विचारलं, "माती कुठून आणतोयस?"

"नदीतलाच गाळ आहे. स्वस्त पडतो."

मास्तर हसले. आम्हाला कळलं नाही, मग त्यांनीच उलगडून सांगितलं. पुरानंतर गावाने साखळी उपोषण केलं ते कशासाठी? वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा, बेटं काढा, म्हणून. का, तर नदीला जागा हवी. सरकारने काढला. आता तो काढलेला गाळ आपण नदीच्या पाण्याला पसरायला जी सखल जागा आहे तिथेच नेऊन ओतायचा! पात्र खोल झालं, पण काठावरची मोकळी जागा तेवढीच कमी झाली. पाण्याच्या हिशेबात काय फरक पडला?

"माझ्या चार गुंठ्यांनी काय वाशिष्ठी अडणार आहे?" नाना म्हणाला.

"वाशिष्ठी नाही अडणार. पऱ्या अडेल," मास्तर म्हणाले.

इथे सगळे गप्प झाले, कारण हे सगळ्यांना माहीत होतं. नानाच्या कंपाउंडच्या कडेने एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, जातो. उन्हाळ्यात त्यात प्लास्टिक आणि नारळाच्या झावळ्या असतात, म्हणून तो कुणाला दिसत नाही. नानाने भरावात त्याला सहा इंची पाईप टाकलाय. गल्लीतलं सगळं पाणी सहा इंचांतून!

मला वाटतं आमचा मुख्य घोळ इथेच आहे. आम्ही पूर म्हटला की २०२१ किंवा २००५ आठवतो. पण आमच्या गल्लीत दोन निराळे पूर येतात. एक दरवर्षीचा, नळगुडघ्याएवढा: दोन तास जोर धरला, नाला तुंबला, पाणी अंगणात. दुसरा तो मोठा. पहिल्याला मोकळा पऱ्या, उंच जोतं आणि दाराला लावायची फळी पुरते. दुसऱ्यापुढे यातलं काहीच टिकत नाही. तिथे वरचा मजला आणि हातात असलेला वेळ एवढंच कामाचं. नाना दुसऱ्याच्या भीतीने पहिला पूर पक्याच्या घरात ढकलत होता, आणि दुसऱ्यापासून स्वतः वाचतही नव्हता. चार फुटांनी २०२१ अडला नसता.

"पण तो पूर कोयनेमुळे आला," नाना हटेना. "ते बंद करा, मग माझ्या भरावाबद्दल बोला."

झालं. कोयना निघाली की कट्टा तासभर हलत नाही. पोफळीच्या वीजगृहांचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी, कोळकेवाडी धरणात येतं, तिथून पुढे वाशिष्ठीत, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी असं पश्चिमेला वळवायची मुभा आहे. म्हणजे आमच्या नदीत तिच्या स्वतःच्या पाणलोटाबाहेरचं पाणी बारा महिने येतं, हे खरंच. त्या रात्री किती सुटलं, कधी सुटलं, यावर आजही गावात एकमत नाही. सोडण्याआधी वेळेत कळवलं पाहिजे, ही मागणी रास्त आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. पण म्हणून पऱ्या बुजवायचा परवाना मिळत नाही.

हमीदभाई तोवर काही बोलले नव्हते. ते गोवळकोटचे, खाडीवर वाढलेले. म्हणाले, "धरण धरण करता, खाडी कोण बघणार? बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी पूर आला. तिथी कोणती होती? त्रयोदशी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तेराच्या पाऊणपट किती?"

"पावणेदहा," मास्तर लगेच.

"म्हणजे दाभोळला खाडीच्या तोंडाशी पावणेदहाच्या आगेमागे भरती, इथे वर पोचेपर्यंत आणखी उशीर. त्यात दोन दिवसांवर पुनव, उधाण चढतं. सकाळी गावात पाणी, आणि खाली खाडी त्याला घ्यायलाच तयार नाही. आमच्याकडे पोरगं होडीत बसायला लागलं की हा हिशेब शिकतं. तुम्ही बाजारपेठेतले लोक पंचांग फक्त मुहूर्ताला उघडता."

हे मी लिहून ठेवलं. जुलै-ऑगस्टमधल्या पुनव-अवसेच्या आसपासच्या भरतीच्या वेळा चहाच्या टपरीवर खडूने लिहायच्या, असं तिथल्या तिथे ठरलं. टपरीवाली काकी म्हणाली, फळा माझा, पण उधारीची नावं पुसायची नाहीत.

मग मास्तरांनी निळ्या-लाल पूररेषांचं काढलं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. लोक म्हणतात, २०२१ होऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही. तसं नसतं, दरवर्षी सोडत नव्याने निघते. "नाना, तुझं कर्ज किती वर्षांचं?"

"वीस."

"त्या २० वर्षांत लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात १८. निळीपर्यंत येण्याची शंभरात ५६."

"बँकेने हे नाही सांगितलं," नाना म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

खरं काम त्यानंतर झालं, आणि ते पक्याने केलं. राग बाजूला ठेवून त्याने नानाच्या नकाशाच्या पाठीवरच लिहायला घेतलं. मीटर आणि मेन स्विच वरच्या मजल्याच्या जिन्यात. तळमजल्याचं सर्किट वेगळं, म्हणजे पाणी येताच खालचं बंद केलं तरी वर दिवा आणि मोबाईलचं चार्जिंग चालू राहील. इन्व्हर्टरची बॅटरी खाली ठेवायचीच नाही. तळमजल्याला प्लायवूडचं फर्निचर नको. भिजलं की फुगतं, फेकावंच लागतं. आणि संडास! पाणी दारातून येण्याआधी कमोडमधून येतं, हे ज्याने बघितलंय त्यालाच ठाऊक. आधी बुडबुडे, मग वास, मग काळं पाणी, आणि दारातल्या वाळूच्या गोण्या कोरड्याच. बाहेर जाणाऱ्या पाईपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला तर ते अडतं. तो दरवर्षी मे महिन्यात उघडून साफ करायला हवा, नाहीतर कचरा अडकून उघडाच राहतो.

दाराच्या फळीबद्दल मी एक भर घातली. दोन-अडीच फुटांपर्यंत ठीक. त्यावर पाणी चढायला लागलं की फळी काढून आत येऊ द्यावं. बाहेर पाणी आणि आत कोरडं असलं की भिंतीवर एका बाजूने रेटा येतो, आणि जुन्या, मातीत बांधलेल्या भिंती तो सोसत नाहीत.

काकीचं एकच म्हणणं: गाळ ओला असतानाच काढा. एकदा सुकला की कुदळ लागते. आणि पाणी ओसरल्यावर अनवाणी फिरू नका, लेप्टोचा ताप येतो. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आधीच घरात ठेवा, नंतर रांगा लागतात.

विम्याचा विषय दोन मिनिटांत आटोपला, तो खरं तर जास्त चालायला हवा होता. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची घरविम्याची ठरावीक पॉलिसी आहे, तिच्यात पूर येतो. मी विचारलं कुणी घेतलीय. सगळ्यांनी चहाचे ग्लास उचलले.

शेवटी नानाच्या घराचं असं ठरलं: भराव फक्त घराच्या जोत्यापुरता. अंगण आहे त्या पातळीवर. तळमजल्याला पुढची बाजू खांबांवर मोकळी, गाड्या तिथे, पूर आला तर पाणी खालून जाईल. कंपाउंडच्या भिंतीला तळाशी जाळीची भोकं, नाहीतर भिंतच धरण होते आणि मग एकदम कोसळते. पाईप काढून पऱ्या उघडा. खर्च वाढतो म्हणून नाना कुरकुरला. पक्याने वायरिंगची मजुरी अर्धी घेईन म्हणून सांगितलं, मग जरा निवला. पऱ्याची साफसफाई मात्र सगळ्या गल्लीने, वर्गणी काढून. मेच्या शेवटच्या रविवारी.

हमीदभाईंनी उठता उठता विचारलं, "आणि जे डंपर अजून यायचेत?"

त्यांचे पैसे नानाने आगाऊ दिलेत. तो गाळ कुठे टाकायचा यावर आणखी एक चहा झाला. सगळ्यांनी जागा सुचवल्या, पण प्रत्येकाने दुसऱ्याच आळीतली.