कायदा मागत नाही, तरी कुपवाडचा कारखानदार का देतो?

सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, म्हटलं की लोकांना मोठ्या कंपन्याच आठवतात. कायदाही तसाच आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं की नेटवर्थ (देणी वजा जाता उरलेली मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजासाठी खर्च करा. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या बहुतेक शेड यात बसतच नाहीत. भागीदारी आणि प्रोप्रायटरी फर्मना तर हा कायदा लागूच नाही. तरीही ही माणसं देतात. मी त्यांचे हिशेब लिहितो, म्हणून ठामपणे सांगतोय.

वहीत मात्र ते शोधावं लागतं. कधी किरकोळ खर्चात असतं, कधी स्टाफ वेल्फेअरमध्ये, तर कधी थेट मालकाच्या उचलीत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली, धोक्याची पातळी ४५ ची. त्या महिन्याचा एका फाउंड्रीचा (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा) व्हाउचरचा गठ्ठा माझ्याकडे आला. पाण्याचे कॅन, सतरंज्या, पेंडीची पोती, टेम्पोचं डिझेल. बिलं भिजून सुकलेली, काहींवरची शाई पसरलेली. पगारपत्रकात एकाचाही खाडा लावलेला नव्हता, आणि भट्टी तर बंद होती. हे कुठल्या खात्याला टाकू म्हणून विचारलं, तर मालक म्हणाले, "टाका कुठंही, पण त्याचं जीएसटी क्रेडिट घेऊ नका." म्हणजे त्या खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करू नका. त्यांनी ना बॅनर लावला, ना पेपरात फोटो दिला.

का करतात? चांगुलपणा आहेच, पण तेवढंच सांगितलं तर अर्धवट होईल. मोल्डिंगवरचा, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा माणूस पूरपट्ट्यात राहतो. त्याचा संसार वाहून गेला आणि तो पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांत निघून गेला, तर साचा कोण भरणार? हाताला वळण लागलेला मोल्डर जाहिरात देऊन मिळत नाही. यात स्वार्थ आहे, आणि मला तो अजिबात खुपत नाही. ज्या स्वार्थातून कामगाराच्या घरातला चिखल निघतो, तो मला चालतो. शिवाय लहान मालकाला लपायला जागा नसते. त्याची आणि त्याच्या फिटरची पोरं एकाच शाळेत, मंडळाच्या आरतीला दोघं शेजारी उभे. संकटात पाठ फिरवली तर उद्या तोंड कसं दाखवणार?

आपल्याच जिल्ह्यात १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कारखाना लहानच होता. लोखंडी नांगर करता करता त्यांनी कामगारांसाठी घरं उभी केली, शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही काम दिलं. तेव्हा सीएसआरचा कायदा कुठं होता?

पण सगळंच गोड नाही, तेही बोललं पाहिजे. देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखाची पावती फाडणारे आणि कामगाराचा पीएफ चुकवणारे मालक मी पाहिलेत. सांडपाणी रात्री ओढ्यात सोडायचं आणि दिवसा वृक्षारोपण करायचं, हेही चालतं. माझ्या लेखी अशी देणगी शून्य. आधी पगार वेळेवर, पीएफ-ईएसआय भरलेला, पाणी प्रक्रिया केलेलं. मग पुढचं.

आणि खरा राग मला मोठ्या खरेदीदारांचा येतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. नाही दिले, तर आता आयकरातही तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. तरीही चार-चार महिने बिलं अडकतात. इकडे फाउंड्रीवाला सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) व्याज भरत कामगारांचा पगार करतो, आणि तिकडे तीच कंपनी सीएसआरचा सोहळा करते. लहान कारखान्याचे पैसे वेळेत द्या, तो गावाचं बघेल. त्याला गाव जवळून माहीत आहे.

कंपन्यांच्या ताळेबंदाच्या टिपांमध्ये सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात. कुणी सीएसआरचा चकचकीत अहवाल पाठवला, तर ती टीपही मागून घ्या.