डासाच्या चाव्यावर लिंबू चोळण्याआधी

माझ्या मुलीच्या पोटरीवर सध्या तीन काळपट डाग आहेत. ते डासांमुळे पडलेले नाहीत, मी चोळलेल्या लिंबामुळे पडलेत. सकाळी तिला डास चावले, खाज काही केल्या थांबेना, म्हणून मी अर्धं लिंबू कापून त्यावर चांगलं घासलं आणि ती तशीच उन्हात खेळायला गेली. दुसऱ्या दिवशी जागा भाजल्यासारखी लाल झाली, तिसऱ्या दिवशी पाणी भरलेले फोड आले. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिल्या पाहिल्या विचारलं, "लिंबू लावलं होतंत का?" लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा भाजतात. डाग जायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.

घरगुती उपायांवरचा माझा विश्वास यामुळे उडालेला नाही. पण 'नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?' हे वाक्य मी आता पुन्हा म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका अशी मनापासून विनंती आहे.

चावते ती फक्त मादी. अंडी घालायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. रक्त गोठू नये म्हणून ती आपली लाळ त्वचेत सोडते, आपलं शरीर त्या लाळेला विरोध करतं, हिस्टामिन बाहेर पडतं, आणि म्हणून गांध येते, खाज सुटते. खाजवलं की ती आणखी भडकते. शिवाय नखांतून जंतू आत जातात, आणि साध्या चाव्याचं गळू होतं ते त्यामुळेच. म्हणून सगळ्यात आधी जागा साबण-पाण्याने धुवायची आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरायचा. एवढ्यानेच अर्धी खाज जाते. तरीही राहिली तर चमचाभर खायच्या सोड्यात जेमतेम पाणी घालून लेप लावा आणि दहा मिनिटांनी धुऊन टाका. कोरफडीचा ताजा गर लावल्यानेही थंड वाटतं, फक्त पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्या. टूथपेस्ट, व्हिनेगर, ठेचलेला लसूण यांच्या वाटेला जाऊ नका, विशेषतः खाजवून साल निघालं असेल तर. लाली पसरत चालली, जागा गरम लागली, पू झाला, तर घरात प्रयोग करत बसू नका, डॉक्टरकडे जा.

आता डास चावूच नयेत म्हणून काय करायचं. सिट्रोनेलाचं तेल डासांना खरंच दूर ठेवतं, पण ते भराभर उडून जातं आणि तासाभरात त्याचा जोर ओसरतो. लावायचंच तर खोबरेल तेलात थोडे थेंब मिसळून, आधी हाताच्या छोट्या भागावर लावून बघा. वनस्पतीजन्य गोष्टींमध्ये जास्त भरवशाचा आहे तो लेमन युकॅलिप्टसपासून मिळणारा पीएमडी हा घटक. नेहमीचं निलगिरी तेल म्हणजे ते नव्हे, आणि पीएमडीही तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचा नसतो.

तान्ह्या बाळांबद्दल तर मला हात जोडून सांगायचंय. बाळाच्या अंगाला कापराचं तेल लावू नका, उशाशी कापराच्या वड्या ठेवू नका. कापूर थोडा जरी पोटात गेला तरी बाळाला आकडी येऊ शकते. बाळाला मच्छरदाणी पुरे, कडा गादीखाली नीट खोचलेली.

आणि धूर. पाल्याचा असो की कॉइलचा, बंद खोलीत तो फुप्फुसात जातोच. एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. झाडपाल्याचा धूर निरुपद्रवी असतो, असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही. त्यापेक्षा पंखा लावा. डास उडण्यात अगदी दुबळा असतो, आणि आपल्या श्वासातल्या ज्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत तो येतो, तो वाऱ्याने पांगतो. शिवाय अंगभर, सैल, फिकट रंगाचे कपडे घाला.

पण माझं ठाम मत विचाराल तर खरा घरगुती उपाय स्वयंपाकघरात नाही, तो साचलेल्या पाण्यात आहे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे आठवड्यातून एकदा पाणी ओतून दिलं तरी साखळी तुटते. नुसतं ओतून मात्र भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून कुंडीखालच्या बशा, कूलरची टाकी, बादल्या घासायच्या, अगदी खरवडून. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त संध्याकाळी दारं-खिडक्या लावून समाधान मानू नका. आणि डासांच्या दिवसांत ताप आला तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

आमच्याकडे आता दर रविवारी मी आणि मुलगी टॉर्च घेऊन घरभर फिरतो. मी बशा आणि टाकी घासून झाल्यावर निर्धास्त होते. परवा तिनेच फ्रिजच्या मागे वाकून बघितलं. तिथल्या पाणी साचणाऱ्या ट्रेमध्ये अळ्या वळवळत होत्या.