टूथपेस्टच्या ट्यूबवरची रंगीत पट्टी: खुलासा
“ट्यूबच्या तळाशी हिरवी पट्टी म्हणजे पेस्ट नैसर्गिक, निळी म्हणजे नैसर्गिक अधिक औषधी, लाल म्हणजे थोडी रसायनं, काळी म्हणजे निव्वळ रसायनं” हा मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात तथ्य नाही.

ती पट्टी यंत्रासाठी असते. नाव ‘आय मार्क’. ट्यूब तळाकडून भरतात. टोपण खाली, उघडा तळ वर अशी ती साच्यात उभी राहते आणि स्वतःभोवती फिरते. प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरला पट्टी दिसली की ती थांबते. त्याच स्थितीत तळ दाबून बंद होतो, उरलेली कड कापली जाते. खूण हुकली की ट्यूब भलतीकडे चिमटली जाते आणि समोरचं नाव कडेला सरकतं. सेन्सरला ठरावीक रंग नको, मागच्या रंगाशी ठसठशीत फरक हवा. म्हणून पांढऱ्या ट्यूबवर गडद पट्टी, गडद ट्यूबवर फिकी. शाई बहुधा छपाईत आधीच असलेली. एवढ्याशा पट्टीसाठी वेगळी कोण चढवणार? मलमाच्या, फेसवॉशच्या ट्यूबवरही अशी पट्टी सापडेल.

(पाणीही रसायनच, हे जाता जाता.) पेस्टमध्ये काय आहे ते घटकांच्या यादीत वाचा. तो मेसेज मात्र पुढे पाठवू नका. ग्रुपवर आलाच तर त्याखाली हा खुलासा टाका.