घोडीचे डोळे बांधून तिला टेम्पोत चढवू नका

‘कितीही बुजरा घोडा १५ मिनिटांत टेम्पोत’ हा फिरता मेसेज काशीदला माझ्या मावसभावाच्या मोबाईलवर आला आणि त्याने तसंच केलं. पावसात किनाऱ्यावर धंदा नाही, म्हणून घोडी आतल्या गावी न्यायची होती. डोळ्यांवर पंचा बांधला, दोघांनी पुढून ओढलं, एकाने मागून चाबूक उगारला. फळीवरून पाय घसरून तिचा गुडघा सोलला. आता नुसता टेम्पोचा आवाज आला तरी ती थरथरते.

डोळे बांधा म्हणणाऱ्याने घोडा कधी जवळून पाहिला आहे का? घोड्याचे डोळे दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. उन्हातून अंधारात गेल्यावर त्याची नजर सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ताडपत्री टाकलेला हौदा त्याला काळी गुहाच वाटणार. म्हणून तो मान खाली घालतो, फळी बघतो, हुंगतो. तुम्ही नेमकं तेच त्याच्याकडून काढून घेता. पायाखाली फळी पोकळ वाजते, दिसत काहीच नाही, आणि आत पंचा सोडला की एकदम अंगाला भिडलेल्या भिंती. उधळेल नाहीतर काय?

त्याच मेसेजात पुढे होतं, ‘आदल्या दिवशी उपाशी ठेवा.’ घोड्याच्या पोटात आम्ल सतत झरत असतं, चारा नसेल तर अल्सर होतात. ‘दोर ताणून ओढा.’ तोंडावर ताण आला की घोडा मागेच जोर लावतो. ताण हलका ठेवायचा आणि त्याने एक पाऊल पुढे टाकलं की त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. त्या सैल सोडण्यातूनच तो शिकतो.

‘आधी शांत घोडा चढवा’ हे मात्र खरं आहे. कळपाचं जनावर आहे, सोबतीने धीर येतो.

‘मागचा फाळका लावला की सुसाट निघा’ हे तर कायद्याच्याच विरुद्ध. १९७८ चे जनावरांच्या वाहतुकीचे नियम वाचा: तळ न घसरणारा हवा, दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागे दोन भक्कम दांडे, डोकी रहदारीपासून लांब डावीकडे, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नको.

गुडघा भरल्यावर आम्ही टेम्पो जांभ्याच्या बांधाला मागून लावला, म्हणजे हौदा बांधाच्या पातळीत आला. ताडपत्री काढली, खाली काथ्याची चटई टाकली. तिसऱ्या दिवशी तिने पुढचे दोन पाय आत ठेवून पेंढा खाल्ला आणि मागे आली. आम्ही तिला मागे येऊ दिलं.