‘शब्दांचा फुलोरा’ या शेऱ्याला उत्तर

लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनसाठी (एकाच दिवशी सलग पोहणे, सायकल आणि धावणे) शरीराबरोबर मनाचीही वेगळी तयारी लागते, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. पोहण्याचे अंतर मी चार किलोमीटर लिहिले होते, ते ३.८ किलोमीटर हवे, हे आपले म्हणणे बरोबर आहे आणि मी ती दुरुस्ती केली आहे. १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे हे आकडे मात्र बरोबर होते, हेही आपण लिहायला हरकत नव्हती.

आता आपल्या त्या वाक्याकडे वळतो: ‘शरीर तयार असले की मन आपसूक तयार होते, बाकी सगळा शब्दांचा फुलोरा.’ मतभेदाचे मला वावडे नाही; पण सहा वर्षे पहाटे उठून जे अंगावर घेतले, ते कोणी एका शब्दात झटकून टाकावे, हे मला लागले. असा शेरा मारण्यापूर्वी आपण स्वतः किती सराव केला आहे, याचा आपल्या प्रतिक्रियेत कोठेही उल्लेख नाही.

मुळात शरीर ‘तयार’ होते म्हणजे काय? सरावात हे संपूर्ण अंतर एका दिवसात सहसा कोणी कापत नाही, कारण त्यातून सावरण्यातच पुढचे कित्येक दिवस जातात. म्हणजे शर्यतीतले शेवटचे काही तास शरीराला अनोळखीच असतात. त्यातच स्नायूंत आणि यकृतात मिळून ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) साठते ते साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि ते दिवसभर पुरत नाही. म्हणून दर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात ढकलावी लागतात, आणि नेमके तेव्हाच पोट नकार देऊ लागते.

तीन वर्षांपूर्वी माझे शरीर कोणत्याही मोजपट्टीने तयार होते. सरावाचे सगळे तास भरले होते, दुखापत नव्हती. धावण्याच्या २७व्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलापाशी मी कर्बोदकांच्या जेलची पुडी हातात धरून उभा राहिलो. पायात गोळे आले नव्हते, १७ तासांच्या मुदतीतले बरेच तास शिल्लक होते. पुडीचा कोपरा दातात धरला, पण ती फोडावी असे वाटेचना. अकरा मिनिटांनी मी स्वतःहून क्रमांकाचा पट्टा सोडून स्वयंसेवकाच्या हातात दिला. पुढच्या वर्षी नडगीच्या दुखण्याने सरावाचे पाच आठवडे बुडाले, शरीर आधीपेक्षा कच्चे होते, तरी मी शर्यत पूर्ण केली. मधल्या काळात एकच गोष्ट बदलली होती: दर रविवारी घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर), गाणी न लावता, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चार तास सायकल चालवायची, खायची इच्छा नसताना ठरल्या वेळी खायचे आणि उतरल्याबरोबर, पाय लाकडासारखे झालेले असताना, धावायला निघायचे. शेवटच्या तासात खाली घामाचे थारोळे साचलेले असे आणि थांबण्याचे प्रत्येक कारण पटण्यासारखे वाटे. ते कारण ऐकून घ्यायचे आणि पाय फिरवत राहायचे, एवढाच तो सराव. याला आपण फुलोरा म्हणणार?

महागड्या सायकली, खर्च आणि ‘रिकामा वेळ असलेल्यांचा खेळ’ याविषयी आपण जे लिहिले आहे, तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता, म्हणून त्यावर बोलत नाही. रविवारच्या त्या चार तासांबद्दल काही विचारायचे असेल तर जरूर विचारा, मी सविस्तर सांगेन. फक्त तो शब्द पुन्हा वापरू नका.