दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: लॅव्हेंडर मंद का, व्हॅनिला तपकिरी का

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. नुसते दोन स्टार ठोकून जाणारेही असतात, त्यांना काय उत्तर द्यावं तेच कळत नाही.

माझ्या बकरीच्या दुधाच्या साबणाबद्दल तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: लॅव्हेंडरच्या वडीला जेमतेम वास येतो आणि ती जांभळीही नाही. व्हॅनिलाची वडी चक्क तपकिरी, म्हणजे करपलेली बॅच खपवली असावी. संत्र्याच्या नावाखाली गवती चहा दिला. बिनवासाच्या वडीला वास येतो. गुलाब-मोगऱ्यासारखे साधे वास ठेवत नाही, सगळे मिळून प्रकार पाचच. आणि शेवटी, ‘तेल चांगलं असेल तर साबणाला वास का नाही?’ हा शेवटचा प्रश्न नेमका आहे. बाकीच्या बहुतेक तक्रारी त्यालाच येऊन मिळतात, म्हणून आधी तोच घेते.

बाटली हुंगून साबणाचा वास ठरवता येत नाही. सुगंधी तेल मिश्रणात पडतं तेव्हा तिथे तेलाचा साबण करणाऱ्या कॉस्टिक सोड्याचं काम चालू असतं, मिश्रण तापलेलं असतं, आणि वड्या कापल्यावर त्या चार ते सहा आठवडे उघड्या फळीवर मुरायच्या असतात. त्यात बकरीचं दूध. दुधातली साखर कॉस्टिकच्या उष्णतेनं करपते, म्हणून दूध आधी गोठवून घ्यायचं आणि त्या बर्फावर सोडा थोडा थोडा भुरभुरत ढवळायचं. दूध पिवळ्यावरून केशरी व्हायला लागलं की समजावं, हात जड पडतोय. सगळं नीट जमलं तरी दुधाची वडी पांढरीशुभ्र येत नाही, सायीच्या रंगाची येते. सुरुवातीला तिला अमोनियासारखा दर्पही असतो. मुरताना तो निघून जातो. पण फळीवर ज्या वाऱ्यानं दर्प जातो त्याच वाऱ्यानं हलके सुगंधही जातात. म्हणून माझी निवड होते ती मुरलेली वडी ओल्या हातावर चोळून, फेस आल्यावर. तिथे जे टिकतं तेच विक्रीला येतं, आणि त्या चाळणीतून फार वास खाली उतरत नाहीत.

संत्र्याचं उदाहरण सगळ्यात सोपं. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्य असतं, आणि ते भराभर उडतं. साच्यात ओतताना सगळी खोली दरवळते, मुरून झाल्यावर वडीला नाक लावून हुंगावं लागतं. गवती चहातलं सिट्रल त्या मानानं चिवट. त्याचा लिंबासारखा वास साबणात टिकतो, वडीला जरा पिवळी झाक देतो, आणि संत्र्याचं जे काही उरलेलं असतं त्याला आधार देतो. खाली पॅचुलीचा, म्हणजे मातकट वासाच्या एका पानाच्या तेलाचा, हलका हात आहे, तो जड तेलांपैकी, सगळ्यांत उशिरा जाणारा. वेष्टनावर ‘संत्रं, गवती चहा, पॅचुली’ अशी तिन्ही नावं लिहिलेली आहेत. गवती चहाच जास्त जाणवतो, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. नुसत्या संत्र्याची वडी मी विकणार नाही, कारण ती तुमच्या हातात पडेपर्यंत नुसती वडी उरते.

लॅव्हेंडरची गोष्ट वेगळी. त्याच्या तेलात लिनॅलिल ॲसिटेट नावाचा जो भाग असतो, त्यातून गोडसर, फळासारखा पहिला झोत येतो. कॉस्टिकपुढे तो काही अंशी तुटतो. मागे राहतो तो पानाफुलांचा, जरा कोरडा, औषधी वळणाचा वास. खोलीत फवारायच्या स्प्रेमधल्या लॅव्हेंडरची सवय असेल तर हा मंदच वाटणार. मला स्वतःला हाच आवडतो, पण ती माझी आवड झाली. तुम्हाला आवडलाच पाहिजे असं नाही. जांभळ्या रंगाचं म्हणाल तर लॅव्हेंडरचं तेल जवळजवळ बिनरंगी असतं. जांभळी वडी म्हणजे वरून घातलेला रंग. आणि सजावटीला वाळलेली फुलं आत घातली तर ती साबणात तपकिरी पडतात. दिसायला ती कशी दिसतात हे इथे लिहीत नाही, पण कोणाला न्हाणीघरात बघायला आवडणार नाहीत.

आता व्हॅनिला. ती बॅच करपलेली नाही. व्हॅनिलाच्या सुगंधातलं व्हॅनिलिन अल्कली आणि हवा लागली की तपकिरी होतं; प्रमाण कमी असेल तर फिकट बदामी, जास्त असेल तर गडद चॉकलेटी. हे रातोरात होत नाही, दिवसेंदिवस चढत जातं. खात्री करायची असेल तर वडी मधोमध कापून बघा. कडा गडद आणि गाभा थोडा फिकट दिसेल, आणि काही दिवसांत कापलेली बाजूही रंग धरेल. दूध करपलं असतं तर रंग ओततानाच सगळ्या मिश्रणात सारखा दिसला असता, आणि व्हॅनिलाच्या जोडीला जळका वासही आला असता. रंग थांबवणारी द्रव्यं बाजारात मिळतात. वितळवून साच्यात ओतायच्या तयार साबणात ती बरी चालतात, कॉस्टिकपासून बनवलेल्या साबणात त्यांचा भरवसा नाही. म्हणून मी रंग लपवत नाही, दुकानातला फोटोही मुरलेल्या, तपकिरी वडीचाच आहे.

‘वास कडक का नाही’ यावर. साधारण एक किलो तेलाला तीस ग्रॅमपर्यंत सुगंध, या हिशोबात मी राहते, आणि काही तेलांना त्याच्याही बऱ्याच खाली. इफ्रा या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं कोणत्या वस्तूत कोणतं द्रव्य किती चालेल याच्या मर्यादा घातल्या आहेत, साबणाच्याही. दालचिनीच्या तेलाला वास मस्त, पण कातडीला ते झोंबतं, म्हणून ते माझ्याकडे नाहीच. नैसर्गिक आहे म्हणून हवं तेवढं ओता, असं होत नाही. लिनॅलूल, लिमोनीन, सिट्रल ही द्रव्यं या नैसर्गिक तेलांतच असतात, आणि काहींना त्यांचीच ॲलर्जी येते. युरोपीय संघात तर धुवून टाकायच्या वस्तूत ती ०.०१ टक्क्याच्या वर असली तर वेष्टनावर नावानिशी छापावी लागतात. मीही छापते. बारीक अक्षरांतली ती ओळ वाचणारे गिऱ्हाईक थोडे, पण त्यांच्यासाठी ती फार महत्त्वाची असते.

गुलाब आणि मोगरा का नाहीत, हे बरेच जण विचारतात. किलोभर खऱ्या गुलाबतेलाला हजारो किलो पाकळ्या लागतात. तेव्हा साबणातला ‘गुलाब’ हा बहुतेक वेळा जिरेनियम (गुलाबासारख्या वासाचं एक रोपटं) असतो किंवा प्रयोगशाळेत जुळवलेला सुगंध. दोन्हींत वाईट काही नाही, पण मी जिरेनियम ‘जिरेनियम’ म्हणूनच विकते. दुसरी गोष्ट अशी की फुलांचे बरेचसे तयार सुगंध मिश्रणाला घाई करतात. लवंगेचं तेलही तसंच. सुगंध ओतला, ब्लेंडर दोनदा फिरवला, आणि सैलसर मिश्रण बघता बघता घट्ट होऊन पात्यालाच धरून बसतं. मग ते साच्यात ओतायचं नाही, चमच्यानं दाबून भरायचं. शिवाय ते तापतं, आणि दुधाच्या साबणाला जास्तीचं तापणं अजिबात सोसत नाही, वडी मधोमध तडकते. मोगऱ्याचा एखादा शांत सुगंध मिळाला तर सहावा प्रकार नक्की येईल. पंचवीस प्रकार येणार नाहीत. प्रत्येक प्रकार महिना-दीड महिना फळी अडवून बसतो, आणि शेजारशेजारी मुरणाऱ्या वड्या एकमेकींचा वास घेतात.

यावरून आठवलं, तुम्ही लिहिलंय की पाचही वड्या तुम्ही एकाच डब्यात ठेवल्या होत्या. पॅचुली असलेली वडी डब्यात असेल तर लॅव्हेंडरला काही वावच नाही. शिवाय पाच वास ओळीनं घेतले की नाक थकतं. लॅव्हेंडर आठवडाभर वेगळी, कागदात गुंडाळून ठेवा आणि मग कोमट पाण्यानं फेस करून बघा. तरीही मंद वाटली तर ती तुमच्यासाठी नाही, यात तुमची काही चूक नाही.

राहिली बिनवासाची. तिला येतो तो साबणाचाच वास आहे, तेलाचा आणि किंचित दुधाचा. बकरीच्या दुधाला ज्या आम्लांमुळे ओळखीचा वास असतो, त्यांचे कॉस्टिकमुळे क्षार होतात, म्हणून तो वास बहुतेक जातो. पण वडी शून्य वासाची होत नाही. तो उरलेला वास झाकायला थोडा सुगंध घालून ‘बिनवासाचा’ साबण बनवता येतो, काही जण बनवतातही. मी ते करणार नाही. ही वडी ज्यांना सुगंध सोसत नाही ते घेतात. त्यांना गुपचूप सुगंध देणं मला पटत नाही.

लॅव्हेंडर आणि संत्र्याची वडी वापरली नसेल तर दोन्ही बदलून देते, त्याऐवजी जिरेनियम किंवा आणखी एखादी व्हॅनिला घ्या. वेष्टनाच्या मागे बॅच नंबर आहे, तो मेसेजमध्ये पाठवा, म्हणजे त्या बॅचची मी राखून ठेवलेली वडीही काढून हुंगून बघते.