सापडलं नाही म्हणजे नाहीच

मिक्सरच्या भांड्यापायी माणसाने किती वेळा तोंड पाडून परत यायचं याला काही लिमिट? ताईने पुण्यात दुरुस्त करून घेतलेलं भांडं ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवलं. परवा गेलो, "आलं नाही." काल गेलो, "आलं नाही." आज तिसऱ्यांदा, दुपारी दोनला, सोलापूरच्या मे महिन्यात. (शेंगाचटणी उखळातच कुटावी असं भाषण देणारे घरी आले की मी आता सरळ त्यांच्या हातात मुसळ देणार आहे.)

काउंटरवरच्या पोराने रजिस्टरवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "तुमचं नाव नाही. नाव नाही म्हणजे पार्सल नाही."

आता खरी चिडचिड कशाची, तर मी कॉलेजात प्रोलॉग (तर्काच्या नियमांवर चालणारी कॉम्प्युटरची भाषा) शिकवतो आणि हेच वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. निगेशन ॲज फेल्युअर. कीथ क्लार्कने १९७८ साली हे नीट मांडलं, की एखादी गोष्ट सिद्ध करायच्या सगळ्या वाटा संपल्या आणि हाती काही लागलं नाही की ती खोटी धरायची. क्लार्कचा लेख ज्या पुस्तकात आला त्याच पुस्तकात रेमंड रायटरचा क्लोज्ड वर्ल्डवाला लेख, जे यादीत नाही ते जगात नाही. रेल्वेच्या वेळापत्रकाला हे चालतं, दीडची गाडी छापलेली नाही म्हणजे दीडची गाडी नाही, कारण वेळापत्रक पूर्ण असतं असं आपण धरतो. पण हे रजिस्टर ड्रायव्हरने रात्री मोबाईलच्या उजेडात मांडीवर ठेवून लिहिलेलं! आपल्याकडच्या भाट्ट मीमांसकांनी (कुमारिल भट्टांच्या परंपरेतले तत्त्वज्ञ) तर कधीच अट घालून ठेवली होती, योग्यानुपलब्धी, म्हणजे वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असेल तरच न दिसणं हा पुरावा. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. हे मी पोराला सांगितलं नाही, पण सांगायला तोंड उघडलं होतं.

म्हटलं, गोडाऊनमध्ये तरी बघा. तो म्हणाला, "आतला माणूस बघत नसेल तर मी बघतो." आत गेलो, तर आतला म्हणाला, "काउंटरवाला बघत नसेल तर मी बघतो." हे तर माझ्या परीक्षेतलं पाच मार्कांचं गणित! गेलफाँड आणि लिफशिट्झच्या १९८८ च्या स्टेबल मॉडेलप्रमाणे (म्हणजे असल्या 'नाही'वाल्या नियमांची आपापसात जुळणारी उत्तरं काढायची रीत) याची बरोब्बर दोन उत्तरं निघतात, एकात हा बघतो, दुसऱ्यात तो बघतो. कोणीच बघत नाही असं उत्तर निघतच नाही. वेल-फाउंडेड सिमँटिक्स ही दुसरी रीत मानणारे जरा सावध, ते दोघांनाही 'अनिर्णित' म्हणतात. मी मध्ये उभा राहून पंधरा मिनिटं ते अनिर्णित बघत होतो.

आणि बाकावर एक काका. धोतर, टोपी, पायाशी ज्वारीचं पोतं, आणि स्वतःचं काम कधीच झालेलं असावं.

"ओ सर, बहिणीनं पाठवलंच नसेल की."

"पाठवलंय काका, फोटो टाकलाय."

"मग गाडी टेंभुर्णीला जेवायला थांबली तिथं उतरवलं असेल." मी गप्प. "मोहोळला असेल. नाहीतर दाजींनी ठेवून घेतलं असेल. जमिनीचं काही हाय का तुमचं?"

याला अब्डक्शन म्हणतात. (पोरं हमखास विचारतात, सर, किडनॅपिंग का? नाही रे बाबांनो.) देवदत्त दिवसा जेवत नाही तरी लठ्ठ आहे, म्हणजे रात्री हाणत असणार, ही आपली अर्थापत्ती त्याच्या जवळची. जे घडलंय ते ज्याने समजेल असं काहीतरी गृहीत धरायचं. फक्त प्रोलॉगसारख्या लॉजिक प्रोग्रॅमिंगमध्ये काय गृहीत धरायला परवानगी आहे याची यादी असते आणि वर अटी असतात. काकांना यादी नव्हती, अटीही नव्हत्या. आणि बार्शीजवळ आमची खरंच दीड एकर आहे, त्यामुळे मी, एक शिकलासवरलेला माणूस, तिथूनच ताईला फोन लावून "दाजी काही म्हणाले का?" असं विचारून बसलो. ती काय म्हणाली ते इथे लिहित नाही. अजून फोन उचलत नाहीये.

एशघी आणि कोवाल्स्कीने १९८९ मध्ये दाखवलं की ते 'नाही'सुद्धा गृहीतकच धरता येतं, एक अट अशी की 'आहे' आणि 'नाही' एकाच वेळी खरं मानायचं नाही. म्हणजे पोराचं "नाही" आणि काकांचं "असेल" एकाच जातीचं. पण पोराच्या गृहीतकाला रजिस्टर आणि रबरी शिक्का, आणि काका मात्र रिकामटेकडे! याचा मला जास्त राग आला.

तेवढ्यात काका पोराला म्हणाले, "बे, 'सर' म्हणून लिहिलंय का बघ की. खिशाला पेन बघून मी पण मघापासून ह्यांना सरच म्हणलालोय."

पोराने बोट फिरवलं. परवाची तारीख, सहावी ओळ: 'सर, भांडे १'. ताईने ड्रायव्हरला सांगितलं असणार, आमच्या सरांना द्या. प्रोलॉगला 'सर' आणि माझं आडनाव कधीच जुळलं नसतं, म्हणजे मशीननेही मला तीन दिवस परतच पाठवलं असतं. खोकं टेबलफॅनखाली होतं. फॅन उंच करायला.

नवी माहिती आली की प्रोलॉग आधीचं उत्तर निमूट मागे घेतं. पोरगा म्हणाला, "साठ रुपये."

"कसले?"

"तीन दिवस ठेवल्याचे. दिवसाला वीस."

"अरे, काल तूच म्हणालास ना आलं नाही म्हणून?"

"आलं होतं की ओ सर. तुम्ही नेलं नाही."

काकांनी मान डोलावली. "नेलं नाही खरं." मी शंभराची नोट दिली. सुटे नव्हते, तर वरचे चाळीस 'उद्या या' म्हणाला.